ऑनलाइन रिव्ह्यू बघून घेतलेल्या वस्तू : तुमचा अनुभव सांगा

गिरगावकर :

गेल्या महिन्यात बाबांसाठी बीपी मोजायचं मशीन ऑनलाइन मागवलं. 4.4 रेटिंग, हजारोंनी रिव्ह्यू, किंमत पण परवडणारी, म्हटलं एवढ्या लोकांनी घेतलंय म्हणजे चांगलंच असणार. बाबांनी लगेच रोज सकाळी वहीत आकडे लिहायला सुरुवात केली. 168, 171, 165. चौथ्या दिवसापासून लोणचं-पापड बंद, जिना चढताना मध्येच थांबायला लागले, रात्री झोप लागेना, ते जागे म्हणून आई पण जागी. दहा दिवस असं चाललं. शेवटी मशीन पिशवीत घातलं आणि बाबांना घेऊन ठाकूरद्वारला आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी स्वतःच्या मशीनवर घेतलं, 134. पाच मिनिटं बसवून आमच्या मशीनवर घेतलं, 169. परत त्यांच्यावर, 132. बाबा काही बोलले नाहीत, वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

घरी येऊन मी ते रिव्ह्यू पहिल्यांदा नीट वाचले, आधी फक्त तारे बघितले होते ना. 'कव्हर एकदम फिट बसतं', 'बाजूची बटणं नीट दाबली जातात', 'कॅमेऱ्याला चांगलं प्रोटेक्शन'. बीपीच्या मशीनला कॅमेरा कुठून आला? कुठल्यातरी मोबाइल कव्हरच्या जुन्या लिस्टिंगवर, म्हणजे साइटवरच्या त्या वस्तूच्या पानावर, नाव आणि फोटो बदलून हे मशीन चढवलेलं, कव्हरने मिळवलेले सगळे तारे आयते मशीनच्या नावावर. मशीनबद्दलचे खरे रिव्ह्यू खाली जात जात शोधले तर नऊ सापडले आणि त्यातल्या सहा जणांनी रीडिंग जास्त येतं असं स्पष्ट लिहिलेलं. मला फार राग आला, स्वतःचा पण आणि ज्याने हे केलं त्याचा तर खूपच, कारण हे काही शर्टाचा रंग उडाला असं प्रकरण नाहीये.

म्हणून हा धागा. रिव्ह्यू बघून काय घेतलं, स्वतः काय लिहिलं, आणि कोणी विकणारे असाल तर तुमच्याबद्दल लोकांनी काय लिहिलं, सगळं सविस्तर येऊ द्या. कंपन्यांची नावं नकोत.

लालबागची शिलाई :

मी विकणारी आहे, त्यामुळे दुसरी बाजू लिहिते. शिवलेल्या नऊवारी आणि परकर-पोलकी, घरीच दोन मशीन, मी आणि माझी जाऊ. आमचा सीझन म्हणजे गुढीपाडवा, गणपती आणि मंगळागौर. यंदा पाडव्याच्या आठवड्यात चौदा नऊवारी गेल्या आणि पाडव्यानंतर चार दिवसांत पाच परत आल्या, कारण सगळ्यांचं एकच, 'साइज बरोबर नाही'. त्यातली एक जांभळी आम्ही दोघींनी उघडली तर अत्तराचा वास घरभर, पदराच्या काठाला हळदीचं बोट पुसलेलं आणि निऱ्यांच्या घडीत गजऱ्यातला एक सुकलेला मोगरा. शोभायात्रेत मिरवून आलेली साडी होती ती. जाऊबाईंनी तो मोगरा उचलून टेबलावर ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. त्या साडीच्या काठाचं हातशिलाईचं काम त्यांनी रात्री दोनपर्यंत बसून केलं होतं.

फोटो काढून तक्रार टाकली, 'रिटर्न पॉलिसीप्रमाणे आहे' म्हणून बंद केली, जायचा-यायचा कुरिअर खर्च आमच्याच पैशातून कापला. आणि वर त्या पाचही जणींनी एकेक तारा दिला. दोघींनी तर लिहिलेलं की पार्सल उशिरा आलं. अहो, ऑर्डर आली त्याच दिवशी पॅक करून दिलेलं, कुरिअर साइटचं, त्यात माझा काय दोष? माझी रेटिंग मोजून चाळीस, 4.3 होतं ते या पाच जणींमुळे 3.9 वर आलं. ज्यांच्याकडे दहा हजार रेटिंग आहेत त्यांना पाच तारे इकडेतिकडे झाले तर काही कळत पण नाही. आम्ही चारच्या खाली गेलो आणि सर्चमध्ये कुठल्याकुठे मागे पडलो, त्यानंतरच्या महिन्यात फक्त तीन ऑर्डर. काठ लावायला एक मावशी यायच्या, त्यांना सध्या नका येऊ म्हणून सांगावं लागलं. ते सांगताना मला काय वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

मला खोटे पाच तारे नकोत. शिवण उसवली तर एक तारा द्या, मी मान्य करेन आणि फुकट शिवून देईन. पण साडीचं साडीला आणि कुरिअरचं कुरिअरला, एवढं तरी वेगळं लिहा.

परळ-दादर राउंड :

ताई, मी पार्सल पोचवतो, कुरिअरचं कुरिअरला म्हणालात म्हणून लिहितो. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की गाडी वर लावून चालत जावं लागतं, पार्सल दोन पिशव्यांत बांधून छातीशी धरतो. मागे एकांचं असंच पोचवलं, अजिबात भिजलं नव्हतं, तास उशीर झाला, एक तारा आला. आठवड्याचा इन्सेंटिव्ह रेटिंगवर असतो, तो गेला. फोन करून विचारलं असतं तरी चाललं असतं. बाकी काही तक्रार नाही, ताई तुमच्या साड्यांची पार्सलं आम्ही पण नीटच नेतो.

भांडुप पश्चिम :

माझं जरा वेगळंय आणि लिहायला जड जातंय. दोन वर्षांपूर्वी 899 चे इअरफोन घेतले, बॉक्समध्ये एक छोटं कार्ड होतं, पाच तारे द्या, दोन ओळी लिहा, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, 150 रुपये यूपीआयने मिळवा. मी बॉक्स उघडल्यावर दहा मिनिटांत रिव्ह्यू टाकला, 'बॅटरी दिवसभर टिकते, आवाज क्लिअर'. दिवसभर वापरलेच नव्हते तर बॅटरी मला काय माहीत! पैसे लगेच आले. तीन आठवड्यांनी उजवा कान बंद पडला, म्हटलं जाऊ दे, कोण पाठवत बसणार.

मग एक दिवस आमच्या ऑफिसातले शिपाई माझ्याकडे मोबाइल घेऊन आले, मुलीच्या बारावीच्या क्लाससाठी इअरफोन मागवायचे होते, म्हणाले साहेब तुम्हाला यातलं कळतं, हे बघा, चांगलं लिहिलंय ना लोकांनी? स्क्रीनवर सगळ्यात वरचा रिव्ह्यू माझा. नावासकट. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं की तो मीच. मी त्यांना म्हटलं हे नका घेऊ आणि दुसरे सुचवले, पण का नको ते सांगायची हिंमत झाली नाही. त्यांच्याआधी किती जणांनी ते वाचून मागवले असतील हे डोक्यातून जात नाही.

मुलुंडची सून :

कार्डावरून आठवलं, माझं उलटं झालं. मिक्सरच्या जारमधून चटणी वाटताना खालून पाणी गळायचं, दोन तारे दिले, फोटो टाकला. दुसऱ्या दिवसापासून विकणाऱ्याचे फोन, तेही सासूबाईंच्या नंबरवर, कारण पार्सलवर त्यांचा नंबर होता. म्हणे रिव्ह्यू काढा, पूर्ण पैसे परत देतो. मी म्हटलं आधी पैसे द्या. परत फोन आला नाही. सासूबाई म्हणाल्या, राहू दे तो रिव्ह्यू, गळतंय ते गळतंय. राहू दिला.

कांदिवलीचा दादा :

हे सगळे खोटे रिव्ह्यू लिहितं कोण, त्यातला एक प्रकार आमच्या घरात घडला. माझ्या धाकट्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, घरबसल्या काम, हॉटेलांना पाच तारे द्यायचे, एका रिव्ह्यूचे 50 रुपये. पहिल्या दिवशी खरंच 450 रुपये खात्यात आले, म्हणून विश्वास बसला. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं, तिथे 'प्रीपेड टास्क', 1000 भरा 1300 घ्या. ते पण मिळाले. मग 5000, मग 27,000, करत करत 61,000 गेले, अ‍ॅपमध्ये मात्र तिच्या नावावर 94,000 जमा दिसत होते आणि ते काढायचे तर आधी टॅक्स भरा म्हणत होते. बिचारी चार दिवस कोणाला बोलली नाही, मला घाबरली. मी रागावेन म्हणून ती गप्प बसली याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटतं.

कळल्यावर लगेच 1930 ला फोन लावला, सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर आहे, पोर्टलवर तक्रार पण टाकली. चार दिवसांत पैसे कुठल्याकुठे फिरले होते, फक्त 7,400 अडवता आले. जितक्या लवकर फोन कराल तितके पैसे मध्येच थांबवता येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा की असं काही झालं तर कोणी ओरडणार नाही.

पार्ल्याच्या काकू :

सगळं वाचलं. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती, पंचायत 1975 ची. आसपासच्या घरांनी मिळून महिन्याची यादी भरायची, सामान एका घरी उतरायचं आणि तिथेच सगळ्यांनी वाटून घ्यायचं. तूरडाळीत खडे निघाले की त्याच दिवशी सगळ्या घरांना कळायचं आणि पुढच्या महिन्याआधी तक्रार वर पोचलेली असायची. त्यात सांगणारी बाई ओळखीची असायची, हा मोठा फरक.

आता कामाचं सांगते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला सरळ बंदी आहे. प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो, त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. बहुतेक लोक चॅटवर भांडून सोडून देतात, या अधिकाऱ्याला मेल कोणी करतच नाही, तो करा. त्याने नाही झालं तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, 5 लाखांपर्यंत वस्तूची किंमत असेल तर तिथे फी नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक पण काढलं, रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का ते तपासायचं, विकत घेतलेले रिव्ह्यू छापायचे नाहीत वगैरे, पण ते ऐच्छिक ठेवलंय आणि माझ्या मते तिथेच सगळं अडतं. सक्तीचं करायला हवं.

कुकर, हेल्मेट अशा वस्तूंना तारे बघूच नका, आयएसआय मार्क बघा, त्याच्याखालचा सीएम/एल नंबर 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स खरं का खोटं ते समजतं.

सायन :

मी फक्त तीन ताऱ्यांचे वाचते आणि 'नवीन आधी' लावून वाचते. तीनवाल्याला कोणी पैसे देत नाही आणि तो चिडलेला पण नसतो, काय चांगलं काय वाईट दोन्ही लिहितो. एकाच आठवड्यात शंभर रिव्ह्यू आणि सगळ्यांची भाषा सारखी दिसली की सोडून देते.

गिरगावकर :

काकू, मेल केला. दुसऱ्या दिवशी पोच आली, आठवड्यात पैसे परत, पण लिस्टिंग अजून तिथेच आहे म्हणून आज 1915 ला पण तक्रार नोंदवली. डॉक्टरांकडे दोन्ही मशीन शेजारी ठेवून काढलेला फोटो रिव्ह्यूला जोडलाय. बाबा आता दर सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन मोजून येतात, काल येताना लोणच्याची बरणी घेऊन आले.

लालबागच्या ताई, माझ्या बहिणीला मंगळागौरीला नऊवारी हवी आहे, मेसेज करतो.

भांडुप पश्चिम :

हा धागा वाचून काल रात्री माझे सगळे जुने रिव्ह्यू उघडून बसलो. कार्डावर पैसे घेऊन लिहिलेले चार निघाले. तीन बदलले, कधी काय बिघडलं ते तारखेसकट लिहिलं आणि तारे खाली आणले. इअरफोनचा बदलता आला नाही, ते लिस्टिंगच आता तिथे नाहीये.

शिपाईकाकांना आज जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, मुलीला पंख्याचं रेग्युलेटर मागवायचंय, बघून द्याल का.