फ्लॉम बंदरातील एक दिवस: ज्येष्ठांना घेऊन काय पाहावे?

डोंगरवाट:
येत्या जूनमध्ये आमचे जहाज नॉर्वेतील फ्लॉम बंदरात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ या वेळेत थांबणार आहे. सोबत सासूबाई, सासरे आणि बारा वर्षांची मुलगी असेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर त्या अर्धा तास चालतात, पण चढ-उतार त्यांना झेपत नाहीत. सासरे रेल्वेतून निवृत्त झाले असल्यामुळे तिथल्या डोंगरी रेल्वेने प्रवास करण्याची त्यांची फार इच्छा आहे. जहाजामार्फत मिळणारी सहल बरीच महाग वाटते. तिकिटे आपली आपण काढली तर चालेल का, आणि गाडीखेरीज त्या दिवसात आणखी काय बसवता येईल?

बर्गनकर:
अवश्य काढा, मात्र आतापासूनच काढा, कारण मोठे जहाज लागते त्या दिवशी सकाळच्या गाड्या लवकर भरतात. स्टेशन धक्क्याला लागूनच आहे. फ्लॉम ते डोंगरावरचे शेवटचे स्टेशन मिरदाल हे अंतर सुमारे २० किलोमीटरचे असून जायला एक तास आणि यायला एक तास लागतो. वाटेत शॉसफॉसेन धबधब्यापाशी गाडी काही मिनिटे थांबते. जूनमध्ये वरचे बर्फ वितळत असल्याने त्याला भरपूर पाणी असते आणि तुषार थेट फलाटावर येतात, तेव्हा सासूबाईंना पावसाळी जॅकेट घालूनच खाली उतरवा. मिरदाल ८६६ मीटर उंचीवर आहे. तिथे स्टेशनाबाहेर फारसे काही नाही, म्हणून परतीचे तिकीटही सोबतच घ्यावे.

घाटमाथा:
आपल्या सासऱ्यांना एक गोष्ट नक्की सांगा. आपल्या बोरघाटातील सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर अंतरात १ मीटर, असा आहे. फ्लॉमच्या मार्गावर तो १८ ला १ इतका आहे, आणि तरीही दातेरी रूळ न वापरता साध्या रुळांवरून गाडी चढते. मार्गावर २० बोगदे आहेत आणि त्यांपैकी १८ बोगदे हातांनी खोदलेले आहेत. बेरेक्वाम या मधल्या स्टेशनावर वर जाणारी आणि खाली येणारी गाडी एकमेकींना ओलांडतात. ज्यांनी आयुष्यभर क्रॉसिंग सांभाळले, त्यांना ते पाहताना काय वाटेल हे मी समजू शकतो.

सातासमुद्र:
गाडीबद्दल दुमत नाही, परंतु गाडी दरीतून वर डोंगरात जाते, त्यामुळे तिच्यातून फियॉर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा, फारसा दिसत नाही, हे लक्षात घ्या. आउरलँड फियॉर्ड खऱ्या अर्थाने पाहायचा असेल, तर दुपारी बसने स्टेगास्टाइनला जावे. पाण्यापासून ६५० मीटर उंचीवर कड्याबाहेर काढलेला तो लाकडी सज्जा सपाट आहे, त्यामुळे गुडघ्यांना त्रास होणार नाही. जाऊन-येऊन साधारण दीड तास धरा.

मात्र तिसरी गोष्ट दिवसात कोंबू नका. आम्ही गाडी, स्टेगास्टाइन आणि नेरॉय फियॉर्डमधील बोट असे तिन्ही करायला गेलो. बोट जिथे सोडते त्या गुडवांगेनहून परतीची बस पाऊण तास उशिरा आली आणि आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा जहाजाची शिडी काढायला दहाच मिनिटे उरली होती. आईचा चेहरा पांढरा पडला होता. जहाजाची स्वतःची सहल लांबली तर जहाज सहसा थांबते, पण आपण स्वतः ठरवलेल्या सहलीसाठी थांबत नाही. जहाजावर परतण्याची वेळ सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधीची असते, तिच्याही तासभर आधी परत या.

डोंगरवाट:
सर्वांचे मनापासून आभार. सकाळची गाडी आणि दुपारी स्टेगास्टाइन असे ठरवत आहोत, बोटीचा विचार सोडला आहे. मधल्या वेळेत सासूबाईंना कुठे नेता येईल? शिवाय, तिथले तपकिरी चीज मुलीला चाखायचे आहे, ते कसे असते?

बर्गनकर:
धक्क्याजवळ पाण्याच्या काठाने सपाट वाट आहे, बसायला बाकेही आहेत. सतराव्या शतकातील लाकडी चर्च मात्र दरीत सुमारे ३ किलोमीटर आत आहे, तेवढे त्यांना चालवू नका. चीज शेळीच्या दुधाचे मागा. चीज काढल्यावर उरलेले पाणी तासन्‌तास आटवून ते करतात, त्यामुळे दुधातली साखर तपकिरी होते आणि रंग काकवीसारखा येतो. चव गोड, किंचित खारट, खरपूस खव्याच्या जवळ जाणारी. चीज कापायच्या खास सुरीने अगदी पातळ काप काढून पावावर ठेवायचा. जाड तुकडा तोंडात घेतला, तर तो टाळूला चिकटून बसतो.