शब्दचर्चा: ‘गुन्हेगारी दर’ की ‘दर लाखी गुन्हे’?

विचारणा
शहरांविषयीच्या एका अहवालाचं मराठीकरण चालू आहे. ‘क्राइम रेट’साठी ‘गुन्हेगारी दर’, ‘गुन्हेदर’ आणि ‘गुन्ह्यांचे प्रमाण’ असे तीन शब्द निरनिराळ्या प्रकरणांत आलेत. एकच ठेवायचा तर कुठला? दुसरं, ‘गरिबी व स्थलांतर यांमुळे गुन्हेगारी वाढते’ असं एक वाक्य झालंय. मुळात ‘असोसिएटेड विथ’ आहे. ‘मुळे’ चालेल का?

उत्तर १
‘गुन्हेगारी’ इथे नको. ‘गुन्हेगारी’ म्हणजे वृत्ती, व्यवसाय, एकूण सगळा प्रकार. ‘गुन्हा’ म्हणजे एक घटना. ‘गुन्हेगारीकडे वळलेली मुलं’ म्हणतो, ‘गुन्ह्याकडे वळलेली’ म्हणत नाही. तक्त्यात वृत्ती मोजलेली नसते, दाखल गुन्हे मोजलेले असतात. दाखल दखलपात्र गुन्हे (ज्यांत पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात ते) भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख, एवढंच ते गणित.

‘प्रमाण’ही घसरतं, कारण त्याचे अर्थ फार. ‘दोषसिद्धीचे प्रमाण’ शेकड्यात असतं आणि त्याचा भाजक म्हणजे सुनावणी पूर्ण झालेले खटले. दोन्हीकडे ‘प्रमाण’ लिहिलं की वाचक दोन्ही टक्केच समजतो. ‘जन्मदर’, ‘मृत्युदर’ हजारी असतात, म्हणून नुसतं ‘गुन्हेदर’ लिहिलं तरी एकक सांगावंच लागतं. आपल्याकडे ‘दरडोई’, ‘दरसाल’, ‘दर हजारी’ आहेतच. त्याच वळणावर ‘दर लाखी नोंदलेले गुन्हे’ लिहा. पहिल्यांदा पूर्ण, पुढे ‘दर लाखी गुन्हे’.

उत्तर २
वरच्याला जोड. ‘नोंदलेले’ हा शब्द कुठल्याही कारणाने गाळू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी) स्वतःच्या वार्षिक अहवालात स्पष्ट बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२० सालचं उदाहरण घ्या. देशात दखलपात्र गुन्हे २०१९ मध्ये ५१,५६,१५८ होते, ते २०२० मध्ये ६६,०१,२८५ झाले. दर लाखी ३८५.५ वरून ४८७.८. वाढ २८ टक्के. मथळा काय होईल? ‘टाळेबंदीत गुन्हेगारी भडकली’. प्रत्यक्षात भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालचे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले होते, आणि चोऱ्या घटल्या होत्या. इथे ‘गुन्हेगारी’ हा शब्द नुसता सैल नाही, खोटा ठरतो.

विचारणारा
समजलं. पण पोलिसांच्या तक्त्यांत ‘दाखल’ आणि ‘उघड’ असे रकाने आहेत. ‘उघड’ म्हणजे ज्यांची नोंद झाली ते का?

उत्तर २
नाही. ‘उघड’ म्हणजे उघडकीस आलेले, ज्यांचा छडा लागला ते. दाखल ४० घरफोड्यांपैकी उघड १८ असतील तर २२ घरफोड्यांचे चोर अजून सापडलेले नाहीत. मराठीत ‘उकल झालेले’ लिहा, घोटाळा होणार नाही.

उत्तर ३
या सगळ्यात एका शब्दाकडे दुर्लक्ष होतंय: ‘गहाळ’. गर्दीत खिशातून मोबाइल गेला. तक्रारीत ‘चोरीला गेला’ लिहिलं आणि गुन्हा रजिस्टर नंबर पडला, तर तो आकड्यात आला. ‘गहाळ झाला’ लिहिलं तर ती मालमत्ता हरवल्याची नोंद. गुन्हा नाही, दरात नाही. खिसा तोच, फोन तोच, फरक एका क्रियापदाचा. दोन शहरांच्या चोऱ्यांची तुलना करताना हे माहीत नसेल तर निष्कर्ष उलटा निघू शकतो.

तसंच ‘अदखलपात्र’. एनसी (नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे अदखलपात्र) म्हणून नोंदलेली शिवीगाळ दखलपात्र गुन्ह्यांच्या बेरजेत येत नाही. आणि मुंबईत लोकलमधली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे नोंदते, शहर आयुक्तालयाकडे नाही. ती जोडली नाही तर मुंबई आहे त्याहून सुरक्षित दिसते.

भाषांतरात ‘चोरी, घरफोडी, जबरी चोरी, दरोडा’ हे चारही शब्द काटेकोर ठेवा. पाच किंवा अधिक माणसं मिळून जबरी चोरी करतात तेव्हाच दरोडा. बातम्यांत बंद दुकान फोडल्यावरही ‘दरोडा’ छापतात, तक्त्यात ती घरफोडी असते. एकाच घटनेत अनेक कलमं लागली तर मोजणी सगळ्यांत गंभीर कलमाखाली एकदाच होते. बलात्कार करून खून केला तर ‘खून’ या ओळीत एक वाढतो, ‘बलात्कार’ या ओळीत काही नाही. म्हणून ‘इतक्या घटना घडल्या’ असं न लिहिता ‘या शीर्षाखाली इतके गुन्हे’ असं लिहावं.

उत्तर १
भाजकाचंही बघा, तिथे तर ‘मुंबई’ हाच शब्द दगा देतो. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई १२४.४ लाख, आणि ठाणे-कल्याण-नवी मुंबईकडचा पट्टा धरून नागरी समूह १८४.१ लाख. एनसीआरबी महानगरांच्या तक्त्यात १८४.१ घेत आली आहे. समजा ४०,००० गुन्हे आहेत. एका भाजकाने दर लाखी ३२२, दुसऱ्याने २१७. वर २०११ ची लोकसंख्या दहा-बारा वर्षं तशीच वापरली की वाढत्या शहराचा दर फुगतो. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला वेगळं झालं, तेव्हा पुण्याची त्याआधीची आणि नंतरची मालिका सरळ जोडू नये. तळटीप हवीच.

उत्तर ४
आता ‘मुळे’. नाही चालणार. ‘-शी निगडित’ किंवा ‘जिथे… तिथे…’ अशी रचना करा: ‘ज्या प्रभागांत बेरोजगारी जास्त, तिथे नोंदलेल्या घरफोड्याही जास्त आढळल्या.’ एनसीआरबी गुन्ह्यांची सामाजिक-आर्थिक कारणं नोंदवतच नाही, तेव्हा त्या तक्त्याच्या आधारावर ‘मुळे’ लिहिणं म्हणजे भाषांतरकाराने पदरचं घालणं. शिवाय गरिबीसारखा घटक दरावर दोन वाटांनी परिणाम करू शकतो: गुन्ह्यावर आणि नोंदीवर. केरळचा दर वर्षानुवर्षं वरच्या दरांत असतो. साक्षर, तक्रार करणारा समाज आणि नोंद घेणारे पोलीस ही वाट सोडून त्याचा अर्थ लावता येत नाही.

स्थलांतराबद्दल तर फारच जपा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० साली दाखवलं की जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त होते तिथे निरक्षरता कमी होती, पण व्यक्ती म्हणून पाहिलं तर त्या लोकांत निरक्षरता जास्त होती. ते येऊन राहिले साक्षर भागांत, एवढाच अर्थ. समूहाच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोलण्याची ही चूक. वस्तीत स्थलांतरित जास्त आणि गुन्हे जास्त, यावरून गुन्हे स्थलांतरित करतात हे निघत नाही. बळीही तेच असू शकतात. हे वाक्य माणसांच्या अंगावर जाणारं आहे, म्हणून इथे एक प्रत्यय चुकला तरी अन्याय होतो.

विचारणारा
शिकागोच्या १९९७ च्या अभ्यासातली ‘कलेक्टिव्ह एफिकसी’ उरली. ‘सामूहिक कार्यक्षमता’ केलंय.

उत्तर ४
‘कार्यक्षमता’ वाचून कचरा वेळेवर उचलणारी नगरपालिका डोळ्यांपुढे येते. ३४३ वस्त्यांच्या त्या अभ्यासात रहिवाशांना विचारलं होतं: पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असली तर शेजारी काही बोलतील का? शेजाऱ्यांवर भरवसा ठेवता येतो का? म्हणजे एकमेकांवरचा विश्वास आणि वेळेला मध्ये पडण्याची तयारी. ‘वस्तीचा एकोपा’ अर्धाच अर्थ देतो, मध्ये पडणं त्यात येत नाही. मी ‘वस्तीची सामूहिक धमक’ लिहीन आणि पहिल्या उल्लेखाला वरचं स्पष्टीकरण जोडीन.

उत्तर २
‘धमक’ चांगला. ‘डार्क फिगर’ कुठे आला असेल तर ‘काळा आकडा’ करू नका, काळ्या पैशाचा वास येतो. ‘नोंदीबाहेरचे गुन्हे’ लिहा.