फेरोफ्लुइड सिम्युलेशन: क्षेत्र उतरवताना काटा लगेच का विरतो?

काटेरी_तेल:
एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये उभ्या चुंबकी क्षेत्रात फेरोफ्लुइडवर (चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या द्रवावर) उगवणाऱ्या काट्यांचं सिम्युलेशन करतेय. घनता 1200 किलो प्रति घनमीटर, पृष्ठताण 0.025 न्यूटन प्रति मीटर, ससेप्टिबिलिटी (क्षेत्रात द्रव किती चुंबकित होतो ते माप) 1. काउली-रोझेन्स्वाइग यांच्या 1967 च्या सूत्राने तरंगलांबी 9.2 मिमी येते आणि काटे 16 मिलिटेस्लाच्या आसपास उगवायला हवेत. माझ्याकडेही तिथेच उगवतात.

वेळ वाचावा म्हणून पेटी 9.2 × 9.2 मिमी घेतलीय, चारही बाजू पिरियॉडिक (तीच पेटी सगळीकडे पुन्हा पुन्हा येते असं धरून), आत एकच काटा. मला फक्त त्याची उंची हवीय, मांडणी नको. पण प्रयोगात काटा एकदम उडी मारून उठतो आणि क्षेत्र उतरवलं तरी थोडं खालीपर्यंत टिकतो. माझा हळूहळू वाढतो आणि त्याच वाटेने परत जातो. मेश (गणिताची जाळी) दुप्पट बारीक केली, टाइम स्टेप निम्मी केली, काही फरक नाही. चुंबकी दाबातलं काही सुटतंय का?

प्रयोगवाला:
उतरवताना प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरापासून सुरू करताय ना? सपाट द्रवापासून सुरुवात केली तर हिस्टेरेसिस (चढतीची आणि उतरतीची वाट वेगळी असणं) कधीच दिसणार नाही. शिवाय उंबरठ्याजवळ, म्हणजे काटे उगवतात त्या क्षेत्राजवळ, सगळं फार संथ चालतं, तिथे जास्त वेळ थांबा.

काटेरी_तेल:
हो, आधीच्याच उत्तरापासून. उंची स्थिर होईपर्यंत थांबते. चुंबकी पोटेन्शियलही (ज्याच्या उतारातून क्षेत्र मिळतं) दर स्टेपला नव्याने सोडवते.

जाळीकार:
मग कोड बहुधा बरोबर आहे. गडबड पेटीत आहे. मांडणी नको म्हणता, पण पिरियॉडिक चौरस घेतलात तेव्हाच चौकोनी मांडणी ठरली. आणि उडी मांडणीमुळेच येते.

सारख्या तरंगलांबीच्या तीन लाटा एकमेकींशी 120 अंशांत ठेवा. त्यांच्या तरंगसदिशांची (लाटेची दिशा आणि दाटी दाखवणाऱ्या बाणांची) बेरीज शून्य होते, त्यामुळे कोणत्याही दोन लाटा मिळून तिसरीला बळ देतात. ऊर्जेत आयामाचं (लाटेच्या उंचीचं) घनपद येतं. ते पद वर आणि खाली यांत भेद करतं: टोकाशी क्षेत्र एकवटतं, म्हणून शिखरं खड्ड्यांना भारी पडतात. हे पद असलं की बदल उडीनेच होतो आणि परतीची वाट वेगळी असते. काटकोनातल्या दोन लाटांत असं त्रिकूट जुळत नाही. गायलिटिसने 1977 मध्ये ऊर्जेच्या पद्धतीने हेच दाखवलं: उंबरठ्याशी षटकोन उडी मारून येतात, तर तुमच्यासारख्या कमी ससेप्टिबिलिटीच्या द्रवात चौकोन सलगपणे उगवतात. तुमच्या सिम्युलेशनने त्या चौकोनांचं खरं उत्तर दिलंय. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर जागा वाटते. उंचीचा प्रश्न शेजाऱ्यांना वगळून सुटतच नाही.

षटकोनासाठी आयत घ्या: एक बाजू दोन तरंगलांब्या, दुसरी त्याच्या 1/√3 पट. म्हणजे 18.3 × 10.6 मिमी, आत दोन काटे. पण एवढंही लागत नाही. सममितीचा फायदा घेऊन पाव भाग घ्या, 9.2 × 5.3 मिमी, आणि बाजूंना पिरियॉडिकऐवजी आरशाची सीमा लावा: पोटेन्शियलचा लंब उतार शून्य, पृष्ठभाग भिंतीला काटकोनात. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पाव-पाव काटा येईल. आत्ताच्या पेटीपेक्षा साधारण निम्म्या जागेत काम होतं!

वरच्या हवेची उंची दीड-दोन तरंगलांब्या पुरे. क्षेत्रातली खळबळ एका तरंगलांबीवरच 0.2 टक्क्यांच्या आसपास उरते.

प्रयोगवाला:
उंची पडताळायला जर्मनीतल्या बायरॉइटच्या प्रयोगगटाचा आणि माग्डेबुर्गच्या गणितज्ञांचा 2007 चा संयुक्त पेपर बघा. क्ष-किरण द्रवातून आरपार सोडून पृष्ठभागाचा आकार मोजला आणि तो फायनाइट एलिमेंटच्या (जागेचे छोटे तुकडे पाडून समीकरणं सोडवण्याच्या पद्धतीच्या) उत्तराशी ताडून पाहिला.

एक शंका मात्र आहे. रिश्टर आणि बाराशेन्कोव्ह यांनी 2005 मध्ये एकटा काटाही टिकतो हे दाखवलंय. मग शेजारी हवेतच कशाला?

जाळीकार:
चांगला मुद्दा. तो काटा मोठ्या ताटात होता, भोवती सपाट द्रव. तोही फक्त त्याच पट्ट्यात टिकतो जिथे सपाट द्रव आणि काटे दोन्ही स्थिर असतात. इथल्या पेटीत काटा एकटा नाहीच, दर 9.2 मिमीवर त्याची प्रत उभी आहे.

काटेरी_तेल, आधी पाव-पेटीत क्षेत्र चढवून-उतरवून तो पट्टा कुठून कुठपर्यंत आहे ते काढा. मग त्या पट्ट्यातली एक किंमत धरून निदान आठ तरंगलांब्या रुंद पेटीत मधोमध एक उंचवटा ठेवून सोडा. तो काटा उभा राहिला तर गाईडसमोर आकृती ठेवायला हरकत नाही.