बिनखवल्याचा मोठा मासा सापडला, थाई मांगूर तर नाही?

नाल्याकाठचा
नमस्कार जी. गोसीखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेकाठी आमचं गाव. आज पहाटे नाल्याच्या तोंडाशी भावाच्या जाळ्यात मासा आला. दोन हात लांब, साडेचार किलो. चांदीसारखा, अंगावर एक खवला नाही, तोंड डोळ्याच्याही मागं फाटलेलं. पोट गाबोळीनं टम्म. शेजारी म्हणतो थाई मांगूर आहे, बंदी आहे, फेकून दे. बर्फात ठेवला आहे. काय करू?

गळवाला
मिशा मोजा भाऊ. मांगुराला आठ असतात.

नाल्याकाठचा
चारच आहेत. दोन खूप लांब, दोन हनुवटीला आखूड.

डोंगेवाली
मग तो शिवडा, भाऊ. फेकू नका. मांगुराचा पाठीवरचा पर डोक्यामागून पार शेपटीपर्यंत जातो. शिवड्याच्या पाठीवर बोटाएवढाच पर, लांब पर पोटाखाली. शेपटीही बघा, मांगुराची गोल, याची दुभंगलेली.

मी ढिवराची पोर. माझ्या उजव्या अंगठ्यावर शिवड्याच्या दातांचा वण आहे. चौदा वर्षांची होते, गळ काढायला बोट घातलं. दात बारीक, पण आत वळलेले, ओढावं तितके रुततात. दिवसा हा काठाच्या कपारीत नाहीतर डोहात पडून राहतो, रात्री मासे, बेडूक गिळत फिरतो. म्हणून बाबा तिन्हीसांजेला गळ सोडायचे. एकदा त्यांनी खांद्यावर आणलेल्या शिवड्याची शेपटी मातीत घासत होती. २.४ मीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे याला वालुगा म्हणतात. शास्त्रीय नावातलं 'वालागो' तिथूनच आलं.

खायला चांगला, काटे कमी. पण पोटात गाबोळी असल्याचं वाचलं अन् जीव अडकला. पावसाचं पाणी चढलं की हा नदीतून नाल्यात, बुडालेल्या गवतात अंडी घालायला शिरतो. नाल्याचं तोंड अडवलं की एकही माय वर जात नाही. धरणानं नदीची वरची वाट आधीच बंद झाली. जगाच्या यादीत हा आता धोक्यातला मासा आहे. मृग लागला की बाबा नाल्याच्या तोंडाला जाळं लावत नसत, घरात कितीही ओढ असली तरी. तुमचं जाळं अजून तिथंच आहे का?

नाल्याकाठचा
तिथंच होतं, ताई. भावाला फोन केला, तो काढायला निघाला आहे.