आयजीआय खरंच भारी होता, की आपण कॅफेच्या आठवणीत अडकलोय?

चरईकर
गेल्या रविवारी माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला आणि 'प्रोजेक्ट आय.जी.आय.' लावला. २००० सालचा गेम. भाचा आला होता, सातवीत आहे, त्याला शेजारी बसवलं. पहिलंच मिशन, ट्रेनयार्ड. मी आपला टेकडीवर दबा धरून दुर्बिणीतून टॉवर बघतोय, कुंपण बघतोय, कोण कुठून कुठे फिरतोय ते बघतोय. चार मिनिटांनी भाचा म्हणाला, "मामा, सुरू कधी होणार?"
म्हटलं, अरे, हेच सुरू आहे.
मग त्याच्या हातात दिलं. पोरगा चपळ आहे, निम्मा तळ साफ केला. मग एक गोळी कुठून तरी आली आणि आडवा झाला. "आता लोड कुठून करायचं?" म्हटलं, पहिल्यापासून. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याला फसवलं, आणि उठून आजीकडे पन्हं मागायला गेला.
तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हा गेम खरंच चांगला होता, की सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून खेळल्यामुळे आपल्याला तो चांगला वाटायचा? प्रामाणिकपणे सांगा.

दुर्बीणवाला_ऐरोली
चांगलाच होता, आणि त्याला कारण आहे. हा गेम केला नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओजने. त्यांनी आधी 'जॉइंट स्ट्राइक फायटर' हा लढाऊ विमानाचा सिम्युलेटर केला होता आणि त्याचंच इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, इथे वापरलं. विमानातून बघायची जमीन ती, म्हणजे मैलोगणती पसरलेली! तेव्हाचे बाकीचे नेमबाजीचे गेम म्हणजे बोळ, खोली, परत बोळ. इथे डोंगरावर उभं राहिलं की खाली अख्खा तळ ताटात वाढल्यासारखा. बराकी कुठे, टॉवर कुठे, कोणत्या बाजूने शिरायचं, हे तुम्ही ठरवायचं. वर तो उपग्रहाचा नकाशा, त्यात गार्ड चालताना दिसायचे. तुमच्या भाच्याला ज्याचा कंटाळा आला ना, तोच अर्धा गेम आहे.

पाणबाण
नेरूळहून एक विरोधी मत, दगड मारू नका.
आयजीआयला लोक 'स्टेल्थ', म्हणजे लपूनछपून खेळायचा गेम, म्हणतात तेव्हा मला हसू येतं. लांबच्या टॉवरवरच्याला तुम्ही दिसता, पण शेजारी उभा असलेला गडी पडला तरी दुसरा आपला निवांत. एकदा अलार्म वाजला की बराकीतून माणसं निघतच राहतात, बसस्टॉपला लाइन लागल्यासारखी. म्हणजे चूक केली की लपणं संपलं, पुढे नुसती एके-४७ची धुमश्चक्री.
लपाछपी बघायची असेल तर 'थीफ' बघा, १९९८चा, लुकिंग ग्लास स्टुडिओचा. तुम्ही किती उजेडात आहात ते स्क्रीनवर खाली एका रत्नासारख्या खड्यात दिसतं. मशाल विझवायला पाण्याचा बाण. फरशीवर पाय वाजतात म्हणून शेवाळाचा बाण मारायचा आणि त्यावरून जायचं. गार्ड आपापसात बडबडतात आणि तुम्ही अंधारात कान देऊन उभे. मी हेडफोन लावून रात्री खेळायचे, आईने मागून खांद्यावर हात ठेवला तर खुर्चीतून उडाले होते.
आयजीआयचा नायक जोन्स हा चोरपावलांनी जाणारा माणूस नाही, तो उशिरा सापडणारा माणूस आहे.

कोपरीचा_भाऊ
"उशिरा सापडणारा माणूस" 😂 ताई, हे माझ्या ऑफिसच्या खुर्चीवर लिहून ठेवतो.
बाकी मला फक्त तारेला लटकून घसरत जायचं आठवतं. ते एकदा केलं की दिवस सार्थकी. मिशनचं काय व्हायचं ते होवो.

चरईकर
@पाणबाण, गार्डांबद्दल एकदम मान्य. बिनडोक होते. पण तुम्ही घरी खेळलात, त्याने फरक पडतो असं मला वाटतंय. आमचा कॅफे सांगतो.
ठाण्यात, चरईत एका चाळीच्या तळमजल्यावर सहा मशीन, त्यातल्या दोनवरच आयजीआय न अडखळता चालायचा. साल २००५च्या आसपास. एक खेळणार, चार मागे उभे. यूपीएस होता, पण तो फक्त काउंटरवरच्या काकांच्या मशीनला.
एकदा पाऊण तास झाला होता. एकही अलार्म नाही. आवाज न करणारी एमपी५ बंदूक हातात, शेवटची इमारत समोर. मागच्यांनी बोलणं थांबवलं होतं. इतकं की कोणीतरी वडापावचा कागद चुरगळला तर दुसऱ्याने "शूऽऽ" केलं. गेममधल्या गार्डला ऐकू जाईल म्हणून!
आणि लाइट गेली.
मॉनिटर टप्प करून काळा. पंखा हळूहळू थांबला. मिशनच्या मधे सेव्ह नाही, त्यामुळे सगळं पाण्यात. अंधारातून काकांचा आवाज आला, "पंचेचाळीस मिनिटं. अकरा रुपये दे, चाराणे सोडले."
दुसऱ्या दिवशी त्या मागच्या चौघांपैकी एक जण वहीचा कागद घेऊन आला. रात्री आठवून त्याने अख्खा तळ काढला होता. टॉवरवरचा पाठ फिरवतो तेव्हा सोळापर्यंत मोजायचं, असं बाजूला लिहिलेलं. तो स्वतः क्वचितच खेळायचा, पैसे नसायचे. पण रस्ता त्याला पाठ.
सेव्ह असतं तर आम्ही गोळ्या खात, लोड करत पुढे गेलो असतो. नव्हतं, म्हणून मोजायला बसलो. लपणं गेममध्ये कमी आणि त्या खुर्चीत जास्त होतं.

दुर्बीणवाला_ऐरोली
त्या वेळच्या परीक्षणांत सेव्ह नाही म्हणून शिव्याच घातल्या होत्या. २००३ला दुसरा भाग आला, 'कोव्हर्ट स्ट्राइक', त्यात त्यांनी सेव्ह दिलं, पण मोजून. मिशनमध्ये ठरावीक वेळाच. मला तो मधला मार्ग आवडला होता. शिवाय मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचं, आलं. इनरलूप मात्र त्याच वर्षी बंद पडली. २०१९ला दुसऱ्याच एका स्टुडिओने 'ओरिजिन्स' नावाने नवा भाग जाहीर केला, ट्रेलर बघून आमच्या ग्रुपवर नुसता जल्लोष. पण तो काही आला नाही.

पाणबाण
चरईकर, वहीच्या कागदाने मला हरवलंत. अर्धं. त्या मुलाचा गेम चांगला होता, एवढं मान्य करते. गार्ड बिनडोकच.
आणि सोळा मोजून गार्ड वळतो हे तुम्हाला आवडतं, ते तो घड्याळासारखा फिरतो म्हणून. जरा हुशार असता तर कागद फुकट गेला असता. कमजोरीवरच तुमचं सगळं उभं आहे, बघा.

कोपरीचा_भाऊ
तो कागदवाला हल्ली काय करतो?

चरईकर
@कोपरीचा_भाऊ माहीत नाही. बारावीनंतर ते डोंबिवलीला राहायला गेले.
@पाणबाण हे खरंय, आणि मी यावर दोन दिवस उत्तर शोधतोय. सापडलं नाही.
बाकी काल भाच्याचा फोन आला. गणपतीत लॅपटॉप घेऊन ये म्हणाला. मग जरा थांबून, आवाज बारीक करून, "मामा, तो टॉवरवरचा मागे वळून किती वेळ बघतो?"
म्हटलं, तूच मोज.