कॉलेजातल्या बेसबॉलला मानाचं वेगळं पान हवंच का?

लबकवाला
आमच्या मराठी मंडळाच्या जेवणात परवा एकानं विचारलं, "ज्यांचं पुढे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, काही झालं नाही, त्यांचे सत्कार करायला अख्खी संस्था कशाला?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

विषय कॉलेज बेसबॉल फाउंडेशनचा होता. आमच्या लबकमध्ये, म्हणजे पश्चिम टेक्सासात, उभी राहिलेली ही ना-नफा संस्था. कॉलेज बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे मानकऱ्यांचं दालन, तिचंच, पहिली तुकडी २००६ ची. शिवाय दरवर्षी देशातल्या उत्तम शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ब्रूक्स वॉलेस पुरस्कार देते. वॉलेस इथल्याच टेक्सास टेकचा शॉर्टस्टॉप. १९८५ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेला, अवघ्या २७ व्या वर्षी. मेजर लीगमध्ये एकही सामना नाही. मेजर लीगच्या वहीत ज्याचं नावच नाही, त्याच्या नावाची ट्रॉफी आज देशातला सर्वोत्तम शॉर्टस्टॉप घरी नेतो. माझ्या मते संस्थेनं केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. विसाव्या वर्षी केलेला पराक्रम हा पुढच्या कशाची तरी तयारी नसतो, तो तेव्हाच पुरा झालेला असतो.

प्रभाकर_जर्सी
असहमत, आणि मनापासून. दोन कारणं.

एक, कॉलेजात बॅट धातूची, व्यावसायिक खेळात लाकडाची. १९८५ मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या पीट इन्काव्हिलियानं एका हंगामात ४८ होम रन (थेट मैदानाबाहेरचे फटके) मारले. पुढे बॅटचे नियम कडक होत गेले, २०११ ला तर फारच. मग त्या ४८ मधले किती त्याचे आणि किती अ‍ॅल्युमिनियमचे? असल्या आकड्यांवर कायमचं स्मारक कसं उभारायचं?

दुसरं कारण जास्त जिव्हारी लागणारं आहे. परवापरवापर्यंत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वात वरच्या श्रेणीच्या, संघाला शिष्यवृत्त्या किती होत्या? ११.७. त्या पंचवीस-तीस मुलांत वाटायच्या. माझ्या पुतण्याच्या वाट्याला पाव फी आली. उरलेल्यासाठी भावानं कर्ज काढलं, ते अजून फिटतंय. ज्या खेळात पोरं पदरमोड करून खेळतात, तिथे देणगीदारांचा पैसा मेजवान्या आणि मानचिन्हांत का जावा? आता खेळाडूंच्या दाव्यातून झालेल्या नव्या करारात आलेल्या विद्यापीठांना ती मर्यादा नाही, ३४ खेळाडूंची मर्यादा आहे. म्हणजे कित्येकांची संघातली जागाच गेली. आधी त्यांच्याकडे बघा.

ओवी_मिनेसोटा
प्रभाकरकाका, फीचं शंभर टक्के पटलं. बॅटचं मात्र उलट आहे. बॅट वेगळी, हंगाम वेगळा, म्हणूनच मोजमापही वेगळं हवं.

आमच्या मिनेसोटाच्या डेव्ह विन्फील्डचं बघा. कूपर्सटाउनच्या, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या, हॉल ऑफ फेममध्ये तो आहे मेजर लीगमधल्या ३,११० हिट्ससाठी (यशस्वी फटक्यांसाठी). पण १९७३ ला ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत, तो पिचर (चेंडू फेकणारा) होता! यूएससीविरुद्ध (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) १५ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. नववा डाव सुरू झाला तेव्हा मिनेसोटा ७-० नं पुढे. त्या एका डावात यूएससीनं आठ धावा काढल्या आणि सामना ८-७ नं नेला. तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू विन्फील्डच ठरला. व्यावसायिक झाल्यावर त्यानं पिचिंग केलंच नाही. ही दुपार कूपर्सटाउननं कुठे लिहायची? कॉलेजच्या हॉल ऑफ फेममध्ये तो पहिल्याच तुकडीत आहे, आणि त्याच तुकडीत त्या दिवशी समोर बसलेले यूएससीचे कोच रॉड डेडोही आहेत. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

माझी तक्रार निराळी आहे. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. तेव्हा आमच्याकडे मैदानावर बर्फ असतो, मुलं पहिले कित्येक आठवडे दक्षिणेत दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत फिरतात. पुरस्कार ठरवताना हे कोणी लक्षात घेतं का?

प्रभाकर_जर्सी
विन्फील्डचं उदाहरण चांगलं आहे, पण तो आधीच मोठा होता. मोठ्यांनाच पुन्हा मोठं करायला नवी संस्था लागत नाही.

लबकवाला
मग त्याच तुकडीतला ब्रूक्स कीशनिक घ्या. टेक्सास विद्यापीठाचा, पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही. १९९२ आणि १९९३, सलग दोन वर्षं डिक हाउझर ट्रॉफी, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. मेजर लीगमध्ये त्याची कारकीर्द साधीच. त्याला हे दार कुणी उघडलं असतं?

आणि जॉन ओलरूड. वॉशिंग्टन स्टेटकडून १९८८ मध्ये पिचर म्हणून १५ विजय, एकही पराभव नाही, आणि बॅटिंगची सरासरी .४६४, म्हणजे जवळपास निम्म्या वेळा हिट. पुढच्या जानेवारीत मेंदूत रक्तस्राव होऊन कोसळला, शस्त्रक्रिया झाली, त्याच हंगामात परत उभा राहिला. नंतर आयुष्यभर फील्डिंग करतानाही डोक्यावर हेल्मेट. मेजर लीगनं त्याचा बॅटर पाहिला, पिचर कधीच नाही. दोन्ही करणाऱ्या कॉलेज खेळाडूसाठीचा पुरस्कार म्हणूनच त्याच्या नावानं आहे.

मीनल_आई
मी खेळाची जाणकार नाही. माझा मुलगा चार वर्षं एका छोट्या कॉलेजकडून कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) होता. ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघाकडून निवड, वगैरे काही नाही, पुरस्कार तर दूरच.

शेवटच्या घरच्या सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांना आईवडिलांबरोबर मैदानात बोलावतात. आम्ही होम प्लेटपर्यंत चालत गेलो. त्याच्या उजव्या अंगठ्याला टेप होती, गुडघ्यांवर लाल माती. लाउडस्पीकरवर नाव घेतलं, आडनाव चुकलं, तरी त्यानं माझा हात घट्ट धरला होता. नातेवाईक अजून विचारतात, "पुढे काय झालं मग बेसबॉलचं?" पुढे काही व्हायला हवं होतं असं धरूनच विचारतात. कुठेतरी कुणीतरी फक्त ती चार वर्षं मोजतंय, हे कळल्यावर मला आधार वाटला. माझ्या मुलाचं नाव तिथे कधीच लागणार नाही, तरीही.

प्रभाकर_जर्सी
मीनलताई, यावर वाद घालणार नाही. पुतण्याला आज फोन करतो, त्याचा शेवटचा सामना मी पाहिला नव्हता. फीचा मुद्दा मात्र सोडलेला नाही. शॉर्टस्टॉपच्या ट्रॉफीबरोबर त्याच मैदानावरच्या एखाद्या मुलाची वर्षाची फी भरा, पहिली देणगी माझी.