उत्सवात मुलांसाठी पाणी-विजेवर खेळता येईल असं काहीतरी उभं करायचंय, सुचवा ना

रानपाखरू
आमच्या कला उत्सवात वीस बाय वीस फुटांचा कोपरा मिळालाय. मागच्या वेळी पर्यावरणाचे मोठमोठे फलक लावले होते, एकही पोर थांबलं नाही, सगळी शेजारच्या झोक्याकडे पळाली, फार वाईट वाटलं. यंदा खेळता येईल असंच करायचंय. लोखंड आणि फ्लेक्स नको, नंतर त्याचाच कचरा होतो.

थेंबथेंब
वाचायला लावूच नका, हात घालू द्या. आम्ही 100 लिटरचं पिंप ठेवलं होतं, ते म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी. त्यातलं गोडं पाणी फक्त अडीच लिटर, ते मुलांनीच मापून बरणीत काढायचं. त्यातलंही बहुतेक बर्फात नाहीतर जमिनीखाली, नद्या-तळ्यांच्या वाट्याला राहतं 7 मिलिलिटरच्या आसपास, जेमतेम दीड चमचा! एका मुलीच्या तळहातावर ते ओतलं तर तिने पटकन मूठ आवळली आणि पाणी बोटांतून गळायला लागल्यावर दुसरा हात खाली धरला. कुणी काही समजावलंही नव्हतं.

चाकवेडा
विजेसाठी सायकल स्टँडवर चढवा, मागच्या चाकाला जनरेटर लावा आणि एक खटका द्या. एका बाजूला 9 वॅटचा एलईडी, दुसऱ्या बाजूला 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब. उजेड जवळपास सारखाच, पण खटका फिरवला की पेडल एकदम जड होतं, वीज कुठे वाया जाते ते पायालाच कळतं. फक्त साखळी आणि चाक नीट झाकून घ्या, पोरं बोटं घालतातच.

बांबूवाली
ढाचा बांबूचा करा आणि काथ्याने बांधा, खिळे नको म्हणजे सोडून परत वापरता येतो. चौकटीत तिरपे बांबू घालायला विसरू नका, नाहीतर सगळं एका अंगाला झुकतं. पोरं चढणारच हे धरूनच चाला. कापड सलग ताणू नका, वारा भरला की शिडासारखं ओढतं. पायथ्याला वजन म्हणून पाण्याचे ड्रम ठेवा, तेच पाणी शेवटी झाडांना.
@थेंबथेंब, कल्पना सुंदर आहे पण मूल नुसतं हळहळून जायला नको. शेजारी एक ठिबकणारा नळ लावा, खाली मापाचं भांडं, आणि नळ त्यांनाच घट्ट बंद करू द्या.

रानपाखरू
नळ तर नक्की! बांबूवाली ताई, नऊ-दहा फूट उंचीला किती जाडीचा बांबू घेऊ?